चार महिने झाले तरी दंड तेवढेच का दिसतात?

वय २४ लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरेच करते. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की चार महिन्यांपूर्वी ६१ किलोवर जिम सुरू केली, आठवड्यातून चार-पाच दिवस न चुकता जातोस, प्रोटीन पावडर चालू आहे, वजन आता ६३.४ झालंय पण आरशात दंड होते तेवढेच, आणि तुझ्याबरोबर सुरू केलेला मित्र मात्र चांगला भरलाय. दर तीन आठवड्यांनी प्रोग्राम बदलून बघितलास, काहीच लागू पडत नाहीये. ज्याला विचारावं तो म्हणतो धीर धर, आणि जिममधला एक जण म्हणतो एक सायकल मार (म्हणजे काही आठवडे स्टिरॉइडची इंजेक्शनं घे), सगळं सुटेल. तर धीर धरायचा तो किती आणि कशाच्या जोरावर, हा तुझा प्रश्न.

मी बरीच वर्षं स्ट्रेंथ ट्रेनिंग शिकवतेय आणि खरं सांगू का, नुसता "धीर धर" हा सल्ला मलाही आवडत नाही. थांब म्हणतात, पण थांबलेल्या काळात बघायचं कशाकडे ते कोणी सांगत नाही, मग माणूस आपला रोज आरशात बघत बसतो. चार महिने न चुकता जाणाऱ्याकडे धीर नाही असं मी तरी म्हणणार नाही. तुझा घोळ वेगळा आहे. जी गोष्ट महिन्यांच्या हिशोबाने बदलते ती तू रोज तपासतोयस, आणि जी आठवड्यागणिक बदलते, म्हणजे बारवरचं वजन आणि रेप्स (ते सलग किती वेळा उचललंस), तिची नोंदच तुझ्याकडे नाहीये कारण दर तीन आठवड्यांनी व्यायामच वेगळे. प्रगती झालीये का नाही हे तुला स्वतःलाच सांगता येत नाहीये, मी लांबून काय सांगणार.

आधी शरीरात काय चालतं ते बघ. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद भराभर वाढते, पण त्यातला मोठा वाटा स्नायू मोठा झाल्याचा नसतो. मज्जासंस्था शिकत असते, कुठले तंतू एकदम कामाला लावायचे, समोरचे विरुद्ध बाजूचे स्नायू कुठे ढिले सोडायचे, तोल कसा राखायचा. मोरिटानी आणि डीव्रीज या संशोधकांनी १९७९ मध्येच हे मोजून मांडलं होतं, की आधी मज्जासंस्थेचा हिस्सा जास्त आणि काही आठवड्यांनी स्नायूच्या वाढीचा हिस्सा वर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे नवीन व्यायामाने स्नायूंची जी मोडतोड होते ती दुरुस्त करण्यातच सुरुवातीची बरीचशी प्रोटीनची बांधणी खर्ची पडते. फेलिपे डामास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नवख्या लोकांवर १० आठवड्यांचा प्रयोग छापला त्यात हे छान दिसतं: पहिल्या व्यायामानंतर प्रोटीनची बांधणी जोरात वाढली होती पण शेवटी कोणाचा स्नायू किती वाढला याच्याशी तिचा मेळ लागला नाही, मेळ लागला तो तिसऱ्या आठवड्यापासून, मोडतोड कमी झाल्यावर.

आता हे तुझ्या तीन-तीन आठवड्यांच्या प्रोग्रामला लावून बघ. प्रत्येक नव्या व्यायामाला पुन्हा शिकणं, पुन्हा अंग दुखणं, आणि आता कुठे वजन वाढवायची वेळ आली की तू पान उलटलंस. अगदी शून्यावर येतोस असं नाही हं, स्नायूला व्यायामाचं नाव कळत नाही, ताण कळतो, त्यामुळे थोडीफार वाढ झालीच असणार. पण ताण वाढवत नेणं हा जो मुख्य भाग तोच दरवेळी अर्ध्यावर सुटतोय. अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागला असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. दुखणं हे नवेपणाचं लक्षण आहे, आणि मला वाटतं प्रोग्राम बदलत राहायची तुझी ओढ त्यातूनच आलीये, कारण जुना व्यायाम दुखायचा थांबला की तो काम करत नाहीये असं वाटायला लागतं.

बरं आता एक हिशोब करू, हा मी प्रत्येक नवख्याला करून दाखवते. स्नायूमध्ये तीन चतुर्थांश पाणीच असतं, आणि प्रोटीन जेमतेम एक पंचमांश. म्हणजे १ किलो स्नायूत साधारण २०० ग्रॅम प्रोटीन. पहिल्या वर्षात महिन्याला अर्धा किलो निव्वळ स्नायू चढला तर माझ्या मते ते उत्तम, कोणाचा जास्त चढतो, बऱ्याच जणांचा कमी. अर्धा किलो म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन, ३० दिवसांवर वाटलं तर रोजचं तीन-साडेतीन ग्रॅम. तू दिवसाला शंभरेक ग्रॅम खातोस, आणि शरीर त्यातलं एवढंसंच नवीन स्नायू म्हणून मागे ठेवतं, बाकीचं रोजची दुरुस्ती, एन्झाइम्स, ऊर्जा यात जातं. पावडरचे दोन स्कूप जास्त टाकले म्हणून तीनाचे सहा होत नाहीत, कारण अडलेलं असतं ते मालापाशी नाही, शरीराच्या बांधण्याच्या वेगापाशी.

आणि तो अर्धा किलो सगळा दंडात जात नाही ना. मांड्या, नितंब, पाठ हे मोठे स्नायू, तुझा प्रोग्राम बरा असेल तर मोठा वाटा तिकडेच जातो. दंडाच्या वाट्याला जे येतं तेही टेपवर कमी दिसतं. समज दंडाचा घेर ३२ सेंटीमीटरचा ३३ झाला, ऐकायला काहीच नाही, एक सेंटीमीटर. पण घेर तीन टक्के वाढला की आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सहा टक्क्यांच्या वर वाढतं, गोल वस्तूचं गणितच तसं आहे. त्यात टेप किती घट्ट ओढली, कुठे धरली, व्यायाम होऊन दंड फुगलेला असताना मोजलं का सकाळी, यातच अर्धा सेंटीमीटर इकडचा तिकडे होतो. म्हणून दर आठवड्याला दंड मोजणाऱ्याला खरी वाढ कधी दिसतच नाही, त्याला दिसते ती टेपची चूक.

मित्राचं काय? हे जरा कडू आहे पण ऐकून घे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ५८५ लोकांना, बायका आणि पुरुष दोन्ही, १२ आठवडे एकाच हाताचा सारखाच व्यायाम दिला. बायसेपचं आकारमान कोणाचं ५९ टक्क्यांनी वाढलं आणि कोणाचं चक्क दोन टक्क्यांनी कमी झालं. बाकीचे सगळे या दोन टोकांच्या मध्ये. तेव्हा तुझा मित्र कुठे आणि तू कुठे हे तुमच्या दोघांच्या मेहनतीवरून ठरवता येत नाही. शिवाय त्याने आधी कधी खेळ किंवा व्यायाम केलाय का, हेही विचार त्याला, कारण एकदा कमावलेला स्नायू गेला तरी परत यायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं याला जादू सापडली. तुझी उंची, हाडापेरांची ठेवण, झोप, कामाचं स्वरूप, सुरू करताना किती बारीक होतास, या सगळ्यावर वेग अवलंबून असतो. त्यामुळे "सहा महिन्यांत दिसेल" असं छातीठोक कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरही नको.

तुझ्या आकड्यांबद्दल मात्र मला काहीतरी म्हणता येतं. चार महिन्यांत २.४ किलो म्हणजे आठवड्याला साधारण १४० ग्रॅम. नवख्या माणसासाठी आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ हा सांगितला जाणारा वेग, तुझ्या बाबतीत १५० ते ३०० ग्रॅम. तू त्याच्या खालच्या टोकाच्याही किंचित खाली आहेस. आणि या २.४ मध्ये स्नायूत साठणारं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आणि त्याच्याबरोबर येणारं पाणीही आलं, एका ग्रॅम ग्लायकोजेनमागे तीनेक ग्रॅम पाणी असतं. म्हणजे तुझं खाणं थोडं कमी पडतंय असा माझा अंदाज, खूप नाही, दिवसाला दोनशे कॅलरींच्या आसपास. पुढचे दोन-तीन आठवडे तेवढी भर टाकून बघ. एकदम आठशे-हजार टाकू नकोस. नॉर्वेतल्या वरच्या दर्जाच्या खेळाडूंवर २०१३ मध्ये छापलेला अभ्यास आहे, ज्यांना मुद्दाम जास्त खायला लावलं त्यांची चरबी दुसऱ्या गटापेक्षा बरीच जास्त वाढली, स्नायूत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग ती चरबी उतरवायला काही महिने, तेवढा काळ वाढ मंद, आणि पुन्हा तोच प्रश्न घेऊन कोणाला तरी विचारत बसायचं.

प्रोटीनचा आकडा एकदाच ठरवून टाक आणि विसरून जा. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा होता, की शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा दिसत नाही. तुला शंभर ग्रॅम. अंडी, दूध, डाळी, सोया, मासे, चिकन, जे पचतं आणि रोज मिळतं त्यातून भागव, कमी पडलं तर पावडर, ती म्हणजे दुधाचाच कोरडा भाग, औषध नाही. क्रिएटीन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर) दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतलंस तर हरकत नाही (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर), फक्त सुरू केल्याची तारीख लिहून ठेव, कारण पहिल्या काही आठवड्यांत पाण्यामुळे किलोभर वजन वर जाऊ शकतं आणि तू उगाच खूश होशील.

वजन कसं करायचं ते सांगते. सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, आणि रोज. हो रोज, पण रोजचा आकडा वाचायचा नाही, नुसता लिहायचा. समज एका आठवड्याचे, सोमवारपासूनचे, आकडे असे आले: ६३.२, ६३.०, ६४.१, ६३.७, ६३.३, ६३.१, ६३.४. मंगळवारी ६३ होतं, बुधवारी ६४.१. एका रात्रीत अकराशे ग्रॅम काय चढणार, आदल्या दिवशी खारट जास्त खाल्लं असेल, उशिरा जेवला असशील, पोट साफ झालं नसेल. शुक्रवारी परत ६३.३, आणि ज्याने बुधवारी जेवण कमी केलं तो शुक्रवारी म्हणतो बघा, वाढतच नाही. या सात आकड्यांची सरासरी ६३.४. पुढच्या आठवड्याची सरासरी याच्याशी ताडून बघायची, बास. आणि दोन सरासऱ्यांवरूनही निर्णय घ्यायचा नाही, तीन-चार आठवड्यांची रांग लागू दे. पायाखालून करंट सोडून चरबी-स्नायूचे टक्के सांगणारे काटे असतात त्यांचं वजन घे, टक्के सोडून दे, ते अंगातल्या पाण्याप्रमाणे नाचतात.

आता ट्रेनिंग, आणि इथेच तुझ्या धीराला खरा आधार मिळणार आहे. सहा-सात व्यायाम निवड: एक स्क्वॉटच्या जातीचा (वजन घेऊन उठाबशा), एक डेडलिफ्टच्या जातीचा (जमिनीवरून बार उचलणं), छातीसाठी एक ढकलायचा, डोक्यावर ढकलायचा एक, ओढायचे दोन, वाटलं तर दंडासाठी एखादा. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यात दहाच्या आसपास सेट (न थांबता केलेल्या रेप्सचा एक गट म्हणजे एक सेट) पडतील असं दोन दिवसांत वाटून घे, सेट संपताना एक-दोन रेप शिल्लक राहतील इतका जोर लाव. आणि पुढचे १२ आठवडे व्यायाम बदलायचे नाहीत. कंटाळा आला तरी नाही. इंटरनेटवर कोणी नवीन काही दाखवलं तरी नाही.

बरोबर एक वही ठेव, मोबाईलही चालेल पण वही बरी, मोबाईल हातात आला की मन भलतीकडे जातं. वहीत काय दिसतं ते बघ. बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून ढकलणं), पहिला आठवडा ४० किलो, तीन सेटच्या रेप्स: ८, ७, ६. दुसरा: ८, ८, ६. तिसरा: ८, ८, ८. तिन्ही सेटला आठ झाले म्हणून चौथ्या आठवड्यात ४२.५ किलो लावले: ७, ६, ५. इथे माणूस हिरमुसतो, मागच्या आठवड्यात २४ रेप्स होत्या, आता १८. तुझ्या सवयीप्रमाणे हाच तो आठवडा ज्यात तू प्रोग्राम बदलतोस! पाचव्यात ७, ७, ६. सहाव्यात ८, ७, ६. आता पान मागे उलट, पहिल्या आठवड्यात हेच आठ-सात-सहा ४० ला होते, आता ४२.५ ला आहेत. आरशाने या सहा आठवड्यांत तुला काहीही सांगितलं नसतं. आणि हो, याच्यात तंत्र तेच राहिलं पाहिजे, बार छातीवर आपटून उसळवला किंवा अर्ध्यातूनच वर घेतला तर आकडे वाढतील आणि स्नायू जिथल्या तिथे.

मधेच थोडक्यात सांगते, म्हणजे गोंधळ नको. वही बघायची दर वर्कआउटला. वजनाची सरासरी दर आठवड्याला काढायची, पण खाणं बदलायचं ते तीन-चार आठवडे बघून. टेप महिन्यातून एकदा, सकाळी, दंड, छाती, कंबर, मांडी, प्रत्येक ठिकाणी दोनदा मोजून. फोटो तीन महिन्यांतून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात, त्याच वेळी, व्यायामाच्या आधी. आरशात दाढी करायची. टेपमध्ये कंबरेवर लक्ष ठेव, दंडापेक्षा कंबर जास्त खरं बोलते: बारवरचं वजन वाढतंय, शरीराचं वजन वाढतंय आणि कंबर जवळपास तिथेच, तर तुझं बरोबर चाललंय, दंड दिसो न दिसो. वजन वाढतंय, कंबर भराभर वाढतेय आणि बार तिथेच, तर तू नुसता खातोयस.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण धीराच्या नावाखाली लोक वर्षंच्या वर्षं तेच डंबेल तेवढ्याच वेळा उचलत बसतात, असे मी खूप पाहिलेत. मुख्य व्यायामांपैकी बहुतेकांत चार आठवडे एकही रेप वाढली नाही, तर थांबून बघत बसू नकोस. पण बदलायला सुरुवात प्रोग्रामपासून करायची नाही. आधी झोप बघ, सात तासांच्या खाली असेल तर तिथेच थांब, बाकी काही शोधायची गरज नाही. मग वजनाची सरासरी, ती अडली असेल तर दोनशे कॅलरी अजून. मग जोर, सेट खरोखर एक-दोन रेप शिल्लक असताना संपतोय का चार-पाच असतानाच ठेवून देतोयस, बहुतेक नवख्यांचा अंदाज इथे चुकतो, एखाद्या दिवशी मशीनवर, जिथे अंगावर पडायची भीती नाही, शेवटचा सेट अगदी अडेपर्यंत नेऊन बघ. मग एक आठवडा सेट निम्मे कर आणि परत ये, कधीकधी नुसता थकवा साठलेला असतो. एवढं सगळं होऊनही हललं नाही तर त्या स्नायूचे दोन-तीन सेट वाढव किंवा तेवढा एक व्यायाम बदल, अख्खा प्रोग्राम नको.

मधे आजारी पडलास, परीक्षा आली, गावाला गेलास, दोन-तीन आठवडे बुडाले, तर घाबरून दुप्पट करायला जाऊ नकोस. जपानमध्ये एक प्रयोग झालाय, एका गटाने २४ आठवडे सलग बेंच प्रेस केला, दुसऱ्याने सहा आठवडे करायचा आणि तीन आठवडे सुट्टी असं आलटून पालटून, शेवटी दोघांच्या वाढीत फारसा फरक नव्हता. परत आल्यावर वजन थोडं कमी करून सुरू कर, आठवड्या-दोन आठवड्यांत जागेवर येशील.

सायकल मारण्याबद्दल मला भाषण द्यायचं नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचं काही टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, वृषणं आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, हृदयावर ताण येतो, आणि बंद केल्यावर स्वतःचं उत्पादन परत यायला महिने जातात, काहींचं नीट येतच नाही. स्नायू वाढतो हे खरं, खोटं कशाला बोलू. पण ज्याने अजून एकच प्रोग्राम १२ आठवडे करून बघितला नाहीये, आणि वर दोनशे कॅलरी कमी खातोय, त्याने हा विचार करणं मला अजिबात पटत नाही.

एक राहिलं. तू ओझरतं लिहिलंयस की डोक्यावर वजन ढकलताना उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला टोचल्यासारखं होतं. तिथे माझे १२ आठवडे लागू नाहीत. स्नायू भरून येणं, जळजळणं वेगळं, सांध्यातली टोकदार कळ वेगळी. सध्या तो व्यायाम बंद ठेव, ओढायचे व्यायाम दुखत नसतील तर चालू दे, आणि दोन आठवड्यांत कळ गेली नाही किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येईना झालं तर फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवून घे. बाकीचे पाच-सहा व्यायाम तोपर्यंत वहीत चालूच राहतील.